आडवी सुटकेस

फाटकमामांची नोकरी सुटून तीन वर्षं झाली होती, फाटक मात्र सुटलं नव्हतं.

रस्ता जिथे रेल्वेचे रूळ ओलांडतो तिथे दोन बाजूंना दोन दांडे असतात. ते खालीवर करण्यात मामांची उमेदीची सगळी वर्षं गेली. लोकांना वाटे, यात काय आहे. सिग्नलच्या केबिनमधून फोन यायचा, घंटा वाजायची, मामा हँडल फिरवून दांडे खाली आणायचे आणि झेंडा घेऊन उभे राहायचे. गाडी धडधडत निघून जायची. लोक म्हणायचे, गेली, उघडा आता. पण गाडी गेली म्हणून फाटक उघडत नसतं. शेवटच्या डब्यामागचा दिवा आपल्या डोळ्यांनी बघायचा. तसं केबिनला कळवायचं. मग केबिनने 'मोकळं' म्हणायचं, सोबत एक नंबर द्यायचा, मामांनी तो परत म्हणून दाखवायचा, आणि त्यानंतर हँडल उलटं फिरवायचं. तोवर दोन्हीकडचे लोक हॉर्न वाजवून मामांच्या सात पिढ्यांचा उद्धार करून मोकळे झालेले असत. एकदा एक नवरदेव गाडीतून उतरून हातापाया पडला होता की लग्नाची वेळ टळतेय. मामा म्हणाले, "लग्न उशिरा झालं तरी होतं. माझंच बघा." आणि केबिनचा फोन येईपर्यंत त्याच्याकडे पुन्हा पाहिलं नाही.

त्यांच्या बायकोला सगळे धाकटी म्हणत. दोन बहिणींतली ती धाकटी, साठी उलटली तरी धाकटीच. थोरली बहीण डोंगरापलीकडच्या गावी एकटी राहायची. दोघींचं रोज फोनवर बोलणं व्हायचं आणि रोज एका मुद्द्यावर येऊन भांडण व्हायचं. लहानपणी आईच्या चिनी मातीच्या बरणीचं झाकण फुटलं होतं, ते कुणी फोडलं, हा मुद्दा. थोरली म्हणे तू, धाकटी म्हणे तू. बोलणं रंगात आलं की थोरली फोन ठेवून द्यायची. त्यामुळे आयुष्य सरत आलं तरी निकाल लागला नव्हता.

आता थोरलीचा मुलगा तिला कायमची परदेशी घेऊन चालला होता. शनिवारी दुपारी ती निघणार, घर घरमालकाच्या ताब्यात जाणार. या वयात जाऊन परत येणं काही खरं नाही, हे दोघींनाही कळत होतं. दोघीही ते बोलत नव्हत्या. धाकटी एवढंच म्हणाली, "जायच्या आधी एकदा तिच्याशी तोंडावर भांडायचंय. समोरासमोर तिला फोन ठेवता येणार नाही."

त्या गावाला एकच बस जायची. ती एक दिवस जायची आणि दुसऱ्या दिवशी तीच परत यायची. गुरुवारची गाठली तर संध्याकाळी थोरली भेटणार, शुक्रवारी सकाळी परत निघायचं. गुरुवारची चुकली तर पुढची शनिवारी, आणि ती पोचेपर्यंत थोरलीच्या घराला कुलूप. मामांनी जायची-यायची दोन्ही तिकिटं काढून आणली. दुसऱ्याच्या घरी एका रात्रीच्या वर राहायचं नाही, हा त्यांचा नियम होता.

मामांचा मुलगा दुसऱ्या शहरात कामाला होता. तो फोनवरून म्हणाला, "बाबा, त्या रस्त्यावर नदीवरचा पूल बुटका आहे. मागे पाणी वरून गेलं होतं तेव्हा बस अडकून लोकांनी रात्र बिस्किटांवर काढली. हवामानाचे इशारे लावून घ्या फोनवर. तिला सांगा, ती लावून देईल."

ती म्हणजे सून. दातांच्या दवाखान्यात लोकांना वेळा देण्याचं काम ती करायची, त्यामुळे घाबरलेल्या माणसाशी सावकाश बोलायची तिला सवय होती. रविवारी सकाळी तिने जेवणाच्या टेबलावर मामांचा फोन पुढ्यात घेतला. मामा शेजारी चष्मा लावून बसले. समोर धाकटी मटार सोलत होती.

"बाबा, आधी ठिकाणं टाकू. आपलं घर, मावशींचं गाव आणि मधला पूल."

"पुलाजवळच्या गावाचं नाव टाक. पुलाला कोण विचारतो."

"टाकलं. आता कुठले इशारे हवेत ते विचारतंय. पाऊस?"

"हो."

"वादळी वारा?"

"हो."

"वीज, गारा, धुकं, उष्णता?"

"हो, हो, हो. तो चौथाही हो."

"समुद्रात उंच लाटा?"

"हो."

सुनेने मान वर केली. "बाबा, समुद्र आपल्याकडे नाही. मावशींकडे नाही. वाटेतही नाही."

"त्यांनी विचारलंय ना? विचारल्यावर नको म्हणायचं नसतं. उद्या काही झालं तर म्हणतील, आम्ही विचारलं होतं."

सुनेने लाटाही घातल्या. मग 'इशारे सुरू करा' असं लिहिलेलं निळं बटण आलं. ते ज्याचा फोन त्यानेच दाबावं म्हणून तिने फोन मामांपुढे धरला. मामांनी हँडलला लावायचे तेवढ्या जोराने ते दाबलं.

"म्हणजे आता हा फोन तुम्हाला इशारे करणार," धाकटी म्हणाली.

"करणार."

"लग्न होऊन एवढी वर्षं झाली, मला कधी एक इशारा केला नाहीत."

"ड्यूटीवर इशारा झेंड्याने करायचा असतो."

"घरी आल्यावरही झेंडाच होता. तोही लाल."

सून फोनकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, रंग समजून घ्या. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे घराबाहेर पडू नका."

"आणि हिरवा?"

"हिरवा म्हणजे काही नाही. त्याचा मेसेज येत नाही."

"मग हिरवा झाला हे कळणार कसं?"

"काही आलं नाही की समजायचं."

मामांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "काही आलं नाही म्हणजे काही आलं नाही. त्यात समजायचं काय?"

"म्हणजे सगळं ठीक आहे, बाबा."

"ठीक आहे हे कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. आपोआप."

"आपोआप," मामा म्हणाले. तो शब्द त्यांनी परत म्हणून दाखवला, पण नंबर परत म्हणायचे तसा नाही. धाकटीने मटाराची एक शेंग उघडली, आत अळी निघाली, तिने ती बाजूला ठेवली. पुढे काय होणार याची कल्पना त्या घरात त्या वेळी फक्त तिला आली असावी.

इशारे लगेच सुरू झाले. पहिला समुद्राचाच आला. उंच लाटा उसळण्याची शक्यता, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. मामांनी तो मोठ्याने वाचला.

"आपण जाणार नव्हतोच," धाकटी म्हणाली.

"नव्हतो. पण आता कळवलंय."

सोमवारी उष्णतेचा आला, भरपूर पाणी प्या म्हणून. मामा लागलीच एक तांब्या पाणी प्यायले आणि त्यांनी बायकोला आणि सुनेलाही प्यायला लावलं. मग पुन्हा लाटांचा आला. घरात रंगांची भाषा रुजली. दवाखान्यातून आल्यावर सून दारातच विचारी, "आई, आज कोणता?" आणि धाकटी म्हणे, "सकाळी पिवळा होता. तुझ्या सासऱ्यांनी गॅसची शेगडी पुसायला घेतली, तेव्हापासून नारिंगी."

सुटकेस सोमवारपासूनच भरून दाराशी उभी होती. करडी, चाकांची, एका बाजूला दोरी बांधलेली. येता-जाता धाकटी तिच्या मुठीवरून हात फिरवायची, जसं कुणी शाळेत निघालेल्या पोराच्या डोक्यावरून फिरवावा.

मंगळवारी दुपारी फोन वाजला. पुलाच्या गावाला पिवळा. वादळी पावसाची शक्यता, सोसाट्याचा वारा, लक्ष ठेवा, बुधवारी सकाळपर्यंत.

मामांनी तो एकदा मनात वाचला, एकदा मोठ्याने वाचला. मग उठले, दाराशी गेले आणि सुटकेस आडवी केली. उंबरठ्यासमोर, या भिंतीपासून त्या भिंतीकडे. आपटली नाही, हळूच टेकवली. फाटकाचा दांडाही ते असाच टेकवायचे, शेवटचे दोन फेरे सावकाश.

"पडलं," धाकटी म्हणाली.

"पडलं," मामा म्हणाले.

त्या रात्री पाऊस पडला. इथे थोडा, पुलाकडे बरा पडला असं दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत होतं. बुधवारी सकाळी ऊन पडलं, आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं. सून दवाखान्यात निघाली, तेव्हा सुटकेस आडवीच होती. पलीकडे जायला तिला ढांग टाकावी लागली.

"बाबा, इशारा सकाळपर्यंतच होता. मुदत संपली."

"मुदत संपली म्हणजे धोका संपला असं लिहिलंय का कुठे?"

"असं लिहीत नाहीत हो."

"तेच म्हणतोय मी. गाडीची वेळ टळली म्हणजे गाडी येणार नाही असं असतं का? उशिरा येते. फाटकावर जेवढी माणसं मरतात ती वेळेवरच्या गाडीखाली नाही मरत. वेळ टळली म्हणून उघडलेल्या फाटकात मरतात."

"बाहेर बघा तरी. आभाळ निळं आहे."

"निळं आहे हे मलाही दिसतं. गाडीही दिसत नसते. गाडी दिसल्यावर फाटक पाडायचं तर फाटक हवं कशाला?"

सुनेला बसच्या थांब्यावर याचं उत्तर सुचलं, पण तोवर उशीर झाला होता, आणि संध्याकाळी घरी येईपर्यंत ते तिचं तिलाच पटेनासं झालं.

मामा हट्टी होते, पण वाईट नव्हते. गुरुवारी बस चुकली तर काय होईल हे ते जाणून होते. धाकटी ओरडणार नव्हती. ओरडणाऱ्या माणसाचं त्यांना काही वाटत नसे, आयुष्यभर दोन्ही बाजूंनी ओरडणंच ऐकलं होतं. पण धाकटी गप्प बसली की घरातली भांडीसुद्धा वाजायची थांबत. आणि हे गप्प बसणं वर्ष-सहा महिन्यांचं नव्हे, जन्माचं ठरलं असतं. म्हणून 'मोकळं' मिळवायचं त्यांनी मनावर घेतलं. इशारे देणाऱ्यांचा फोन नंबर इशाऱ्याच्या खाली बारीक अक्षरात असतो, तो त्यांनी शोधून काढला आणि लावला.

पलीकडे सर्दी झालेला एक तरुण आवाज होता. "हवामान मदत कक्ष, बोला."

"मंगळवारी तुम्ही पुलाच्या गावाला पिवळा दिला होता."

"हो, दिला होता."

"तो काढला का?"

"संपला तो."

"संपला, पण काढला का?"

"काका, आम्ही इशारे देतो. काढत नाही. ते आपले संपतात."

"संपले हे तुम्ही कळवत नाही?"

"कळवायला लागलो तर लोकांना दिवसभर मेसेज जातील, आज काही नाही, आज काही नाही."

"मग जाऊ द्या की. आम्हाला केबिनमधून दिवसभर हेच यायचं. त्यावरच गाड्या चालायच्या."

पलीकडच्या माणसाने नाक ओढलं. तो चिडला नाही. "बरं, मी तोंडी सांगतो. त्या भागात आत्ता कुठलाही इशारा नाही. रस्ता चालू आहे. जा तुम्ही."

मामा उठून उभे राहिले. डाव्या हातात फोन, उजवा हात नकळत हँडल धरल्यासारखा. "नंबर द्या."

"कसला नंबर?"

"मोकळं देताना सोबत नंबर देतात. तुम्ही नंबर द्यायचा, मी तो परत म्हणून दाखवायचा. म्हणजे उद्या तुम्हाला म्हणता येत नाही की मी बोललोच नाही, आणि मला म्हणता येत नाही की मला भलतंच ऐकू आलं."

"काका, माझ्याकडे एकच नंबर निघतो. तक्रारीचा."

"माझी तक्रार नाही."

"नसू दे हो, मी तक्रार नोंदवतो, नंबर निघेल, तो घ्या."

"तक्रार कुणाविरुद्ध?"

"आमच्याविरुद्ध."

मामांचा उजवा हात हवेतच अर्धा फेरा फिरला. नंबर हाताशी आला होता. "नको," ते शेवटी म्हणाले. "तुम्ही तुमचं काम नीट केलंय. खोट्या नंबरावर फाटक उघडत नसतं. सर्दीला वाफ घ्या."

संध्याकाळी धाकटी स्वयंपाकघरात थोरलीशी बोलत होती. मामा बाहेर खुर्चीत बसून पेपर वाचत होते, निदान पेपर त्यांच्या हातात होता.

"नाही गं, बरी आहे तब्येत. फाटक पडलंय... हो, घरातच... नको, त्यांना नाही देत फोन, ते नंबर मागतील." मग बराच वेळ नुसतं हुं, हुं. मग, "बरणी? मला कशाला? झाकण कुठाय तिला?... मी नाही फोडलं. तू फोडलंस... ठेवला फोन. बघा, ठेवला."

ती बाहेर आली. आडव्या सुटकेसकडे पाहिलं. सुटकेस वीतभर उंच होती, लंगडं माणूसही ओलांडून गेलं असतं, आणि बसचं तिकीट पाकिटात टाकून तिला एकटीलाही जाता आलं असतं. पण धाकटीचा सगळा संसार फाटकाशेजारच्या दोन खोल्यांत झाला होता. बंद दांड्याखालून वाकून जाणाऱ्यांवर खिडकीतून ती जे तोंडसुख घ्यायची, ते ऐकायला लोक मुद्दाम थांबत. मामा झेंडा दाखवत आणि ती तोंड सोडी, असं दोघांचं मिळून ते फाटक चाले. आता स्वतः फाटक ओलांडायचं तर आजवरच्या सगळ्या शिव्या परत घ्याव्या लागल्या असत्या.

"कोण देणार मोकळं?" तिने विचारलं.

"जो देतो तो."

"आणि तो नसेलच तर?"

मामांनी पेपरचं पान उलटलं. "फाटकावर फोन बंद पडला की काय करायचं, त्याचाही नियम होता. वाट बघायची."

गुरुवारी सकाळी धाकटी अंघोळ करून, चांगली साडी नेसून तयार झाली. चहा केला, सगळ्यांना दिला. बसला अजून अवकाश होता, पण फार नव्हता. मामाही तयार होते. धुतलेला सदरा, विंचरलेले केस, खिशात दोन्ही तिकिटं. तयारी त्यांनी केली होती, कारण तयारीला मनाई नव्हती. आडव्या सुटकेसच्या अलीकडे खुर्ची ओढून ते बसून राहिले.

धाकटी सुनेला म्हणाली, "जरा आत ये." दोघी आतल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

थोड्या वेळाने मामांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला.

"हॅलो, फाटक?"

"फाटक बोलतंय," मामा म्हणाले. ते त्यांच्या तोंडून आपसूक निघालं.

"केबिन बोलतेय. मंगळवारचा पिवळा पुलावरून गेला. मागचा दिवा बघितला?"

हा आवाज आधी लोटलेल्या दारातून येत होता आणि नंतर फोनमधून, थोडा मागे-पुढे, रूळ बदलताना इंजिन आणि डबे वाजतात तसा. दारातून येणाऱ्या आवाजाशी मामांना कर्तव्य नव्हतं. ते फोनमधलं ऐकत होते.

"मी नाही बघितला," ते म्हणाले. "मी इथे होतो."

आत कुजबुज झाली. मग फोनमधून, "पुलाच्या गावचा बघितलेला माणूस आहे. बसस्टँडवर विचारलंय. सकाळची दुधाची गाडी पुलावरून आली. पुलाखाली पाणी घोटाभर."

"दुधाची गाडी आली?"

"आली. दूध तुम्ही आत्ता चहात प्यायलात."

मामांनी टीपॉयवरच्या रिकाम्या कपाकडे पाहिलं.

"मार्ग मोकळा," आवाज म्हणाला. त्यात जराही थट्टा नव्हती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्या आवाजाने हे शब्द हजारो वेळा ऐकले होते, कुठे थांबायचं आणि कुठे ओढायचं हे त्याला ठाऊक होतं. "फाटक खुलं करा. नंबर घ्या."

"बोला."

"तेवीस."

"तेवीस," मामा म्हणाले. "दोन, तीन."

"बरोबर."

त्यांनी फोन खिशात ठेवला. तेवीस हा त्यांच्या तिकिटावरच्या सीटचा नंबर होता, तिकीट त्याच खिशात होतं, पण नंबर कुठून आला हे विचारणं फाटकवाल्याचं काम नसतं. नंबर देणारा जाणे. ते वाकले आणि सुटकेस उभी केली. कमरेतून कळ आली, ती त्यांनी दाखवली नाही.

आतलं दार उघडलं. धाकटी बाहेर आली, पदर सारखा करत.

"चला," मामा म्हणाले. "मोकळं आलं."

"आलं का? बरं झालं," धाकटी म्हणाली.

सून मागे दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिच्या डोळ्यांना पाणी येत होतं, कशाचं ते तिलाही सांगता आलं नसतं, आणि ओठ घट्ट मिटलेले होते.

बस वेळेवर सुटली. दुपारी पूल आला. खाली घोटाभर पाणी, त्यात एक माणूस सायकल धूत होता. मामा सीटवर मागे वळून पूल पूर्ण मागे पडेपर्यंत बघत राहिले. मग सरळ बसले. "गेला," ते म्हणाले. धाकटी तोवर झोपली होती.

थोरलीचं घर खोक्यांनी भरलं होतं. भिंतींवर जिथे फोटो होते तिथे फिकट चौकोन उरले होते. चपला काढता काढता धाकटी म्हणाली, "झाकण तू फोडलंस." थोरली म्हणाली, "आधी पाणी तरी पी, खोटारडे." पण पाणी पिऊन होईतो शेजारीण आली, ती जाते तोवर खालच्या मजल्यावरची आली, मग थोरली जिच्याकडे शिवणकाम करायची ती आली. निरोप घ्यायला येणाऱ्यांची रांग झोपेपर्यंत मोडली नाही. झोपताना दोघी बहिणी एका गादीवर झोपल्या. मामांना पलीकडच्या खोलीतून आवाज येत होता, "तू," "नाही, तू," आणि मग मध्येच घोरणं, कुणाचं ते कळलं नाही.

शुक्रवारी सकाळी थोरलीने उरलेल्या एकुलत्या पातेल्यात चहा केला आणि काचेच्या ग्लासांत ओतला, कप खोक्यात गेले होते. धाकटी केस विंचरत होती. एकच बट ती पुन्हा पुन्हा विंचरत होती. कोपऱ्यात ती बरणी होती, बिनझाकणाची, वर्तमानपत्रात अर्धी गुंडाळलेली. दाराशी सुटकेस उभी. बसला फार वेळ नव्हता. भांडण तसंच पडून होतं आणि त्याला हात लावायला वेळ नव्हता.

मामांच्या खिशातला फोन वाजला.

त्यांनी चष्मा लावला, वाचलं. मग बहिणींकडे पाहिलं, एकीकडे आणि दुसरीकडे, रूळ ओलांडण्याआधी बघतात तसं. उठले. दाराशी गेले आणि सुटकेस आडवी केली. शेवटी हळूच टेकवली.

धाकटीचा कंगवा थांबला. "कुठला?"

"पिवळा."

"बघू."

त्यांनी फोन तिच्या हातात दिला. तिने वाचलं. उंच लाटा उसळण्याची शक्यता. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. तिने ते दोनदा वाचलं आणि फोन परत दिला.

"गंभीर आहे," ती म्हणाली.

"आहेच," मामा म्हणाले. "इशारा तो इशारा."

"अहो, पण तुमची बस," थोरली म्हणाली. "ही चुकली तर मग रविवारीच. मी उद्या दुपारी जाणार. तुम्ही काय करणार इथे?"

"तुझी चावी घरमालकाला कोण देणार होतं?" धाकटीने विचारलं.

"शेजारीण."

"आता आम्ही देऊ," ती म्हणाली. "फाटक पडलंय, ताई."

"इथे कसलं फाटक?"

"सांगते सावकाश."

मामांनी चहाचा ग्लास उचलला, खोक्यामागची खुर्ची ओढून आणली आणि आडव्या सुटकेसपाशी, दाराकडे तोंड करून बसले. पाठ ताठ होती. दोघींकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही. ड्यूटीवर असताना ते घरात काय चाललंय तिकडे कधीच बघत नसत.

"मग हे उघडणार कधी?" थोरलीने हळूच विचारलं.

"केबिनमधून मोकळं आलं की."

"आणि केबिन कुठेय?"

धाकटीने पिशवीतून आपला फोन काढला. बाजूचं बटण दाबून तो बंद केला आणि खोक्यातल्या कपांच्या वर ठेवला. मग बरणीभोवतीचं वर्तमानपत्र सोडवून तिने बरणी दोघींच्या मध्ये जमिनीवर मांडली आणि मांडी घालून बसली.

"केबिन बंद आहे," ती म्हणाली. "हां, आता बोल. झाकण कुणाच्या हातात होतं?"